नादार आणि दिवाळखोर

कर्ज फेडता न येणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत. एक दिवाळखोर, दुसरा नादार. पहिला सगळ्यांच्या तोंडी आहे. व्यापारी बुडाला की भरदिवसा पेढीवर दिवा लावून ती बंद करी, त्यावरून 'दिवाळे' आले, अशी व्युत्पत्ती सांगतात. त्याला जोडलेला 'खोर' हा फारसी प्रत्यय मात्र खाणाऱ्याचा: लाचखोर, नफेखोर, हरामखोर. म्हणजे दिवाळे ज्याच्यावर कोसळले तो माणूस या शब्दात दिवाळे करण्याची खोड असलेला माणूस होऊन बसतो.

'नादार'ही फारसीतूनच आला. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. त्यात दोषारोप नाही, फक्त परिस्थिती आहे. माझ्या आधीच्या पिढीला हा शब्द शाळेतून माहीत होता. गरीब विद्यार्थ्याला 'नादारी' मिळे, म्हणजे फी माफ होई. कायद्याच्या मराठीतही हाच शब्द आहे: इलाखा-शहर नादारी अधिनियम, १९०९, प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०, आणि अलीकडची नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६.

ठाण्यात, कल्याणात किंवा आमच्या डोंबिवलीत राहणारा पगारदार माणूस आजारी पडला, पगार थांबला आणि पाठोपाठ हप्ते थांबले, तर तो या दोघांपैकी कोण? हा प्रश्न शब्दांचा वाटतो. पण इथल्या कर्जकायद्याचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचला तर तो बराचसा याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: पैसे देता येत नाहीत तो कोण, आणि द्यायचे नाहीत तो कोण.

तगादा

पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली एक अहवाल लिहिला. त्यात तगाद्याचे वर्णन आहे. कर्जदार आपल्या बरोबरीचा किंवा खालचा असेल तर सावकार त्याला घरात कोंडी, जेवू देत नसे, उन्हात बसवी. कर्जदार वरचढ असेल तर सावकार स्वतःच त्याच्या दारात आडवा पडे, आरडाओरडा करी, उपाशी बसे. दोन्ही प्रकारांत वसुलीचे साधन एकच होते, शरीर. कधी कर्जदाराचे, कधी सावकाराचे.

या व्यवस्थेला तिच्या आतलेच काही लगाम होते. दामदुपटीच्या नियमाप्रमाणे एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नसे. इंग्रजांनी १८५५मध्ये व्याजावरच्या मर्यादा कायद्याने उठवल्या, तरी मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू कर्जदारांसाठी दामदुपट टिकवली.

उलट दिशेचा नियम होता पितृऋणाचा. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे धर्मशास्त्रात कर्तव्य. मुंबई इलाख्यात ते इतके कडक मानले गेले की बापाकडून कवडीही मिळाली नसली तरी मुलगा देणेकरी ठरे. हे थांबवण्यासाठी १८६६मध्ये खास मुंबई इलाख्यासाठी हिंदू वारसांना दिलासा देणारा कायदा झाला. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच राहिली. अंथरुणाला खिळलेल्या कर्जदाराची पहिली भीती 'माझ्यामागे पोरांचं काय' ही असते. त्या भीतीवरचे उत्तर आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे.

शरीर तारण ठेवण्याची प्रथा मात्र ठाणे जिल्ह्यात फार उशिरापर्यंत चालली. डहाणू, तलासरी, उंबरगावकडे लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा पैशांपोटी आदिवासी जोडपी वर्षानुवर्षे जमीनदाराकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले तेव्हा ही गुलामगिरी मोडली. मुंबईहून रेल्वे ठाण्याला १८५३मध्ये आणि कल्याणला १८५४मध्ये पोहोचली होती. त्याच जिल्ह्यात माणसाने कर्जापोटी स्वतःला गहाण ठेवणे त्यानंतर नव्वद वर्षे सुरू होते.

खाडीच्या अलीकडे, खाडीच्या पलीकडे

नादारीचा पहिला कायदा हिंदुस्थानात आला तो १८२८ साली, आणि तोही फक्त कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांपुरता. १८४८मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. हे कायदे बंदरांतल्या व्यापाऱ्यांसाठी होते. जहाज बुडते, भाव कोसळतो, त्यात माणसाची चूक असतेच असे नाही, हे व्यापारी जगाने आधी ओळखले.

मुंबईत त्याची परीक्षा १८६५मध्ये झाली. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव पडला, शेअरांचा फुगा फुटला आणि बँक ऑफ बॉम्बेपर्यंत सगळे बुडाले. प्रेमचंद रायचंद यांची पेढीही १८६६मध्ये कोसळली. पण ते पुन्हा उभे राहिले, १९०६पर्यंत जगले, आणि त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आज उच्च न्यायालयाच्या शेजारी आहे. मोठ्या माणसाचे दिवाळे निघाले तर त्याच्या चरित्रात तो एक अध्याय होतो.

खाडी ओलांडून मुफसलात आले की कायदा वेगळा होता. १८५९च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनाम्याचे पैसे न देणाऱ्याला कैद होती. कैद्याच्या जेवणाचा भत्ता सावकाराने भरायचा. भत्ता थांबला की कैदी सुटे. १८७७ आणि १८८२च्या संहितांमध्ये नादारीचे एक प्रकरण आले, पण ते अटक किंवा जप्ती होऊन गेलेल्यांसाठी. १८७५मध्ये सुप्याला सावकारांची खाती जाळली गेली, दख्खनचे दंगे पसरले, आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याला कर्जापायी अटक करायला बंदी होती आणि नादारीची वेगळी सोयही होती. मुळात तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. दंगा झाला तिथे कायदा पोहोचला. ठाणे त्यात नव्हते.

मुफसलासाठी स्वतंत्र नादारी कायदा १९०७मध्ये आला आणि १९२०मध्ये नव्याने लिहिला गेला. इलाखा शहरांसाठी १९०९चा कायदा झाला. ही दुभागणी आजही तशीच आहे. मुलुंडला राहणारा माणूस नादारीचा अर्ज घेऊन मुंबई उच्च न्यायालयात जातो आणि त्याची मालमत्ता ऑफिशियल असायनीकडे जाते. चेक नाका ओलांडला की कायदा बदलतो. ठाणेकराने १९२०च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, आणि त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. त्यातही एक गंमत आहे. मुंबईच्या हद्दीत नोकरी करणारा माणूसही १९०९च्या कायद्यात बसतो. म्हणजे रोज सकाळी लोकलने मुंबई गाठणाऱ्या डोंबिवलीकराला दोन न्यायालयांची दारे उघडी असतात. आजारपणात नोकरी सुटली की त्यातले एक बंद होते.

आजारी माणूस कायद्याला कुठे दिसतो

गिरण्यांचे युग आले तसा कर्जबाजारी कामगार सरकारच्या नजरेत आला. १९३१मध्ये शाही श्रम आयोगाने म्हटले की महिना शंभर रुपयांहून कमी मिळवणाऱ्या औद्योगिक कामगाराला कर्जापायी कैद करणे बंद करावे. ऐपत असून तो देत नाही असे सिद्ध झाले तरच अपवाद. १९३६मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१मध्ये दुरुस्ती झाली आणि हे तत्त्व सगळ्यांनाच लागू झाले. १९८०मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला घटनेचे बळ दिले. निव्वळ देता येत नाही म्हणून कैद नाही. बदनियत दिसली पाहिजे.

त्याच संहितेत कलम ५९ आहे. कर्जदार गंभीर आजारी असेल तर न्यायालय अटकेचे वॉरंट रद्द करू शकते, कैदेत असेल तर सोडू शकते. वाचताना बरे वाटते. पण पुढे लिहिले आहे की त्याला पुन्हा अटक करता येईल. आजार शरीराला सोडवतो, कर्जाला हात लावत नाही.

कर्जाला हात घालतो तो १९२०चा कायदा. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सवलतींपेक्षा त्याच्या भाषेने मला थांबवले. अर्जासाठी किमान कर्ज ५०० रुपये. तेव्हा ही रक्कम गिरणी कामगाराच्या वर्षभराच्या मजुरीच्या आसपास होती, म्हणजे गरिबाला दाराबाहेर ठेवणारी. आज ती क्रेडिट कार्डाच्या उशिराच्या दंडाएवढी आहे. नादार ठरवले की न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनको त्या कर्जासाठी दावा लावू शकत नाही. मुदतीत मुक्ततेचा अर्ज करायचा. मालमत्ता बिनतारणी कर्जाच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. पण लगेच अपवाद येतो: ज्या परिस्थितीसाठी त्याला न्यायाने जबाबदार धरता येणार नाही अशा परिस्थितीमुळे तसे झाले असेल, तर मिळू शकते. जुगार, सट्टा, उधळपट्टी यांची नोंद वेगळी होते.

आणि कलम ७३. नादार माणसाला नगरपालिकेची निवडणूक लढवता येत नाही, दंडाधिकारी होता येत नाही. ही अपात्रता जाते ती मुक्ततेसोबत न्यायालयाने एक प्रमाणपत्र दिले तर. त्यात लिहायचे असते की ही नादारी दुर्दैवाने ओढवली, या माणसाचे गैरवर्तन त्यात नव्हते.

शंभर वर्षांपूर्वीच्या, सावकारांची बाजू नीट सांभाळणाऱ्या एका वसाहती कायद्यात दुर्दैवाच्या प्रमाणपत्राची सोय आहे. ठाण्याच्या न्यायालयातून एखाद्या आजारी कर्जदाराला ते मागता येते. तो दिवाळखोर नाही, नादार आहे, हे सरकारी कागदावर येऊ शकते.

चार कर्जे

मग लोक अर्ज का करत नाहीत? याचे उत्तर मला कायद्यात सापडले नाही, एका ओळखीच्या गृहस्थांच्या कर्जांच्या यादीत सापडले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस. खासगी नोकरीत अशा माणसाची रजा किती दिवस पुरणार? वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले तेव्हा त्यांनी मला विचारले, "तुम्ही कायद्याचं वाचता ना? दिवाळं काढलं तर सुटेन का हो मी?" आम्ही कागद घेऊन बसलो.

पहिले कर्ज फ्लॅटचे. ते तारणी आहे आणि तारणी धनकोचा हक्क नादारीने हलत नाही. २००२च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देते, नंतर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या मदतीने ताबा घेऊ शकते. शिवाय कर्जाची पात्रता वाढावी म्हणून बायकोचे नाव सहकर्जदार म्हणून घातलेले. १८६६च्या कायद्याने वारसाला जे वाचवले ते इथे उपयोगाचे नाही. सही केल्यामुळे ती वारस होण्याआधीच ऋणको झाली आहे.

दुसरे, पतपेढीचे. दोन जामीनदार, दोघे त्याच कार्यालयातले. नादाराला मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही, हे १९२०च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१खाली वसुलीचा दाखला निघाला की तो जामीनदारांवरही चालतो.

तिसरे वैयक्तिक कर्ज आणि चौथे क्रेडिट कार्ड. ही दोनच कर्जे अशी की ज्यांच्यापासून नादारी खरोखर सोडवू शकली असती.

यादी संपल्यावर ते बराच वेळ जामीनदारांच्या नावांकडे पाहत राहिले. "हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. याच्या पगारातून कापून घेऊ?" एवढेच म्हणाले. त्यांनी अर्ज केला नाही. पतपेढीकडे मुदत वाढवून मागितली, कार्डवाल्यांशी तडजोडीचे बोलणे लावले. हे शहाणपणाचे होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण तेव्हा मला कळले की आपल्याकडे कर्ज एकट्या माणसाचे नसते. बायको, सहकारी, मेहुणा असे सगळे त्याच कागदावर सही करून बसलेले असतात. नादारीचा कायदा मात्र एका माणसाला गृहीत धरून लिहिलेला आहे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी दिसली. कायद्याने काही वस्तू जप्तीपासून वाचवल्या आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०मध्ये भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने आहेत. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश आहेत. भविष्यनिर्वाह निधीला तर १९५२च्या कायद्याने दुहेरी कुंपण घातले आहे: जप्तीही नाही आणि रिसीव्हरलाही मिळत नाही. प्रत्यक्षात काय होते? पीएफ आजारपणासाठी सगळ्यात आधी काढला जातो, आणि दवाखान्यातून उरलेले कार्डाच्या थकबाकीत जाते. मंगळसूत्र सोनेतारणात जाते. ज्यावर कोणताही धनको हात ठेवू शकला नसता तेच घरातून आधी बाहेर पडते, कारण अब्रू वाचवायची असते.

नवा कायदा कुणासाठी

२०१६च्या संहितेत या माणसासाठी काहीच नाही असे नाही. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींची नादारी आहे, आणि गरीब कर्जदाराला कर्जमाफीसह नवी सुरुवात देणारे एक प्रकरणही आहे. त्याच्या अटी पाहा: वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत, स्वतःचे घर नसावे. महिना पाच हजारांत कल्याण-डोंबिवलीत खोलीचे भाडेही सुटत नाही. आणि या अटींत बसणाऱ्यालाही हे लिहीपर्यंत त्याचा उपयोग नाही, कारण तो भाग सामान्य व्यक्तींसाठी लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. जुने दोन्ही कायदे रद्द करणारे कलम २४३ही लागू नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारलाच खुलासा करावा लागला की १९०९ आणि १९२०चे कायदे अजून जिवंत आहेत, लोकांनी त्यांच्याखाली जावे.

म्हणजे १८२८मध्ये जे झाले तेच पुन्हा झाले. व्यापाराचे अपयश आधी समजून घेतले गेले, शरीराचे अपयश रांगेत राहिले. आजाराने बुडणारा पगार कायद्याच्या लक्षात आला तो मुख्यतः एकाच ठिकाणी, १९४८च्या कामगार राज्य विमा कायद्यात. वागळे इस्टेट आणि उल्हासनगरची कामगार रुग्णालये त्यातूनच उभी राहिली. त्या योजनेत औषधासोबत आजारपणातल्या मजुरीचा ७० टक्के हिस्सा वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. पण महिना २१ हजारांच्या वर पगार गेला की माणूस त्याबाहेर, आणि गृहकर्ज घेणारा बहुधा बाहेरच असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयाचे बिल भरते, बँकेचा हप्ता भरत नाही.

तगादाही गेलेला नाही. २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत. एल्फिन्स्टनने पाहिलेला सावकार दारात बसायचा. आताचा डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत येतो, आणि दिवसाच्या अकरा तासांत त्याला परवानगीही आहे.

आजारपणाने कर्जात बुडालेल्या माणसाने नादारीचा विचार करावा का? करावा. निर्णय काहीही होवो, विचार करण्याची लाज वाटू नये. पण आधी यादी करावी: कोणते कर्ज तारणी, कुठे बायकोची सही, कुठे जामीनदार. बिनतारणी, एकट्याच्या नावावरचे कर्ज मोठे असेल तर ठाण्यातल्या वकिलाला १९२०च्या कायद्याबद्दल नाव घेऊन विचारावे. पीएफ मोडण्याआधी विचारावे. अर्जात आजाराची कागदपत्रे तारखेवार लावावीत, कारण 'दुर्दैव' शब्दाने सिद्ध होत नाही, केसपेपरने होते. आणि त्याची किंमतही आधी समजून घ्यावी. मुक्तता मिळेपर्यंत आपली नादारी न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा आहे. विधानसभा आणि लोकसभेची दारे तोवर बंद राहतात; त्याचे दुःख फार थोड्यांना होईल. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मात्र आपल्यावरच्या नादारीच्या कार्यवाहीची खबर कार्यालयाला द्यावी लागते, आणि ती उधळेपणाने आली नाही हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच असतो.

शाळेतल्या नादारीला लाज नव्हती असे नाही. वर्गात नाव पुकारले जाई तेव्हा मुलांच्या माना खाली जात. पण ती मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, त्यातल्या कितीतरी जणांनी याच पट्ट्यात घरे घेतली. फी भरता येत नाही म्हणून त्यांना कुणी फीबुडवे म्हटले नाही. आजाराने हप्ता चुकलेल्या माणसाला बँकेच्या नोटिशीत, सोसायटीच्या जिन्यात आणि घरातल्या बोलण्यात आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो, एवढे बदलायला तरी सरकारच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. शब्द आपल्याकडे आहे.